चूक, नियम आणि नोकरी

(भाईंदर येथे स्पर्धा-परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी व्याकरणाची चूक हा विषय एखाद्या साप्ताहिकाच्या वैचारिक पानावर शोभणारा नाही, तो शाळेच्या फळ्यावरचा विषय आहे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या अथवा बँकेच्या परीक्षेला दोनदा बसून दोन-चार गुणांनी मागे राहिली आहे, त्या घराला या विषयाचे महत्त्व सांगावे लागत नाही. ते दोन-चार गुण बहुधा गणितात गेलेले नसतात. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यामधल्या अरुंद फटीत ते पडलेले असतात. ती फट कशी निर्माण झाली, तिच्यात नेमकी कोणाची मुले पडतात आणि तिच्यावर पूल कसा बांधता येईल, याचा विचार करणे हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. तो अर्थकारणाचा आणि समतेचाही प्रश्न आहे.

मीरा-भाईंदरसारख्या नगरात तर तो अधिकच तीव्रतेने जाणवतो. एकेकाळी मिठागरे, भातशेती आणि उत्तन-चौक-पालीच्या किनाऱ्यावरची मासेमारी यांवर जगणारी ही गावे. १९८५ साली त्यांची नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मुंबईत ज्यांना घर परवडले नाही अशांनी हे शहर वसवले. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत काम करणारा कारागीर, विरार लोकलच्या दारात लोंबकळत अंधेरीला जाणारा कारकून, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, किनाऱ्यावरचा कोळी आणि मूळचा आगरी शेतकरी, या साऱ्यांच्या मुलांपुढे आज उन्नतीचा जो एक रस्ता दिसतो तो सरकारी अथवा बँकेच्या नोकरीचा आहे. गाळ्यातील काम आज आहे, उद्या नाही. समुद्रातील मासळीचा भरवसा उरलेला नाही. मिठागरांची जमीन मिठापेक्षा इमारतींसाठी अधिक मोलाची झाली. तेव्हा महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि म्हातारपणाची थोडीफार शाश्वती यांसाठी ही मुले रात्र-रात्र अभ्यासिकेत बसतात, यात नवल नाही.

आता त्यांच्यापुढील परीक्षेचे स्वरूप पाहावे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पदवीधरांची भरती करणारी जी संयुक्त परीक्षा आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे. २०२२ च्या परीक्षेपासून लागू झालेल्या रचनेत दुसऱ्या टप्प्यातील गुणवत्ता ठरवणाऱ्या ३९० गुणांपैकी १३५ गुण इंग्रजीला आहेत. गणिताला ९०, बुद्धिमापनाला ९०, सामान्यज्ञानाला ७५ आणि इंग्रजीला १३५. एक तृतीयांशाहून अधिक वजन एकट्या इंग्रजीचे! बँकांच्या कारकून भरतीच्या पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३० प्रश्न इंग्रजीचे असून ते २० मिनिटांत सोडवायचे असतात. आय.बी.पी.एस.च्या नियमानुसार प्रत्येक विभागात वेगळा किमान गुणांचा उंबरठा ओलांडावा लागतो, म्हणजे गणितात पैकीच्या पैकी मिळाले तरी इंग्रजीतील उणीव भरून निघत नाही.

या इंग्रजी विभागातील एक ठरलेला प्रश्नप्रकार म्हणजे चूक ओळखण्याचा. एक वाक्य चार तुकड्यांत मोडून दिलेले असते. कोणत्या तुकड्यात दोष आहे ते सांगायचे, अथवा वाक्य निर्दोष आहे असे म्हणायचे. दिसायला हा प्रश्न सोपा. प्रत्यक्षात मात्र सर्वांत फसवा हाच, कारण ज्याच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडलेली आहे त्याला चूक ‘खटकते’. नियम आठवण्याची त्याला गरजच भासत नाही. ज्याच्या घरात मराठी, गुजराती, हिंदी किंवा उर्दू बोलली जाते त्याला काहीच खटकत नाही. उलट, चुकीचे वाक्यच त्याला कानाला बरे वाटते. ते बरे का वाटते, याचा शोध घेतला की अर्धे काम होते.

एक उदाहरण घेऊ. ‘मी दोन वर्षांपासून भाईंदरला राहतो’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. मराठी मनाने त्याचे इंग्रजी होते, ‘आय अॅम लिव्हिंग इन भाईंदर सिन्स टू इयर्स.’ परीक्षकाच्या दृष्टीने यात दोन दोष आहेत. मराठीत जी क्रिया मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे ती साध्या वर्तमानकाळात सांगता येते. इंग्रजीत तिच्यासाठी ‘हॅव बीन लिव्हिंग’ असा वेगळा काळ योजावा लागतो. दुसरे असे की, मराठीचा ‘पासून’ हा शब्द दोन कामे करतो. ‘२०१९ पासून’ म्हणताना तो आरंभबिंदू दाखवतो आणि ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना तो कालावधी दाखवतो. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांकडे वाटून दिली आहेत. आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’. म्हणजे विद्यार्थी येथे अडाणीपणाने चुकलेला नाही. तो आपल्या भाषेच्या नियमाशी पूर्णपणे इमानदार राहिला, म्हणून चुकला.

अशी उदाहरणे पुष्कळ देता येतील. आपण ‘प्रश्नाविषयी चर्चा करतो’, म्हणून आपला विद्यार्थी ‘डिस्कस अबाऊट’ लिहितो. आपण ‘खोलीत शिरतो’, म्हणून तो ‘एन्टर्ड इन द रूम’ लिहितो. आपण ‘स्टेशनला पोहोचतो’, म्हणून तो ‘रीच्ड टू द स्टेशन’ लिहितो. तिन्ही इंग्रजी क्रियापदांना मधल्या शब्दयोगी शेपटाची आवश्यकता नाही. ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’ याचे ‘सिनियर दॅन मी’ होते. ‘कॉफीपेक्षा चहा आवडतो’ याचे ‘प्रिफर टी दॅन कॉफी’ होते. परंतु सिनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर आणि प्रिफर हे शब्द लॅटिन कुळातून इंग्रजीत आले आणि त्यांनी आपल्यासोबत ‘टू’ आणला. हे कारण एकदा समजले की पाच वेगवेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ‘पाऊस थांबेल तेव्हा निघेन’ या वाक्यात मराठीला दोन्ही ठिकाणी भविष्यकाळ चालतो. इंग्रजीला ‘व्हेन’नंतरच्या भागात तो चालत नाही. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून सांगतो. इंग्रजीत मात्र अशा वेळी पुरुषही बदलतो आणि काळही एक पाऊल मागे सरकतो.

‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ ही उपपदे तर मराठी विद्यार्थ्याची कायमची डोकेदुखी. आपल्या भाषेत उपपदेच नाहीत, मग ती यावीत कशी, असे शिक्षकही हताशपणे म्हणतात. परंतु ज्या भेदासाठी इंग्रजी उपपदे वापरते तो भेद मराठीला अपरिचित नाही. ‘मुलगी पाहायला गेले’ आणि ‘मुलीला पाहायला गेले’ या दोन वाक्यांत काय फरक आहे हे आपल्याकडील शेंबडे पोरही सांगेल. पहिल्यात लग्नासाठी कोणी तरी मुलगी पाहायची आहे. दुसऱ्यात एक विशिष्ट, ठाऊक असलेली मुलगी आहे, कदाचित ती रुग्णालयात आहे. एका ‘ला’ प्रत्ययाने मराठी येथे जो निश्चितपणा आणते, तोच इंग्रजी ‘द’ने आणते. सर्वच ठिकाणी हा धागा जुळेल असे नाही, पण प्रारंभ करण्यासाठी तो भक्कम आहे. खेदाची बाब अशी की, असा प्रारंभ फारसा कोणी करून देत नाही. मराठी व्याकरण एका तासाला आणि इंग्रजी व्याकरण दुसऱ्या तासाला शिकवले जाते आणि दोन्हींची कधी भेट घडवली जात नाही.

वस्तुतः ही भेट घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले. पुढे तर्खडकरांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्याकडे नेले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. त्यात मराठीची घडण उलगडताना इंग्रजी आणि संस्कृत व्याकरणांतील विचारांशी सतत झुंज दिलेली आहे. या परंपरेचे सूत्र असे होते की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. नंतर रेन आणि मार्टिन यांचे १९३० च्या दशकातील व्याकरण घरोघरी आले. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. त्यांचे पुस्तक व्यवस्थित आहे, परंतु विद्यार्थ्याच्या तोंडची भाषा कोणती, हा प्रश्न त्याला पडत नाही. आजच्या शिकवणी वर्गांतून मिळणाऱ्या ‘शंभर नियमां’च्या छापील चोपड्या ही त्याच पद्धतीची कृश झालेली नातवंडे होत.

भाषाविज्ञानाने मात्र या प्रश्नाचा निराळा विचार केला आहे. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली असे मांडले की, दोन भाषांची शेजारीशेजारी तुलना केली तर विद्यार्थी कोठे अडखळेल हे सांगता येते. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यांनी गफलत आणि चूक यांत भेद केला. नियम ठाऊक असून घाईत, थकव्यात किंवा भीतीने जे हातून घडते ती गफलत. जी पुन्हापुन्हा, एकाच पद्धतीने घडते ती चूक. चुकीमागे एक नियमच असतो, फक्त तो त्या भाषेचा प्रस्थापित नियम नसतो. म्हणून चूक म्हणजे अज्ञानाचा पुरावा नव्हे. शिकणाऱ्याची बुद्धी नियम शोधत आहे, याचा तो पुरावा आहे. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेलाच एक स्वतंत्र भाषा मानले, जी मातृभाषाही नाही आणि अद्याप परभाषाही नाही.

या विचाराचा व्यवहारात उपयोग असा. परीक्षार्थ्याने आपल्या चुकांची वही ठेवावी. प्रत्येक चुकीसमोर तीन रकाने असावेत. पहिल्यात आपण बरोबर समजलेले चुकीचे वाक्य, दुसऱ्यात त्यामागचे मराठी वाक्य आणि तिसऱ्यात इंग्रजीचा नियम. महिनाभरात असे दिसून येईल की चुका शंभर प्रकारच्या नसून मोजक्याच घराण्यांतल्या आहेत. एक घराणे मातृभाषेचे, ज्याची उदाहरणे वर आली. दुसरे घराणे इंग्रजीचाच एखादा नियम गरजेपेक्षा अधिक ताणण्याचे. ‘डिड नॉट वेंट’ किंवा ‘कॅन एबल टू’ यांत एकच खूण दोनदा उमटलेली असते. तिसरे घराणे निव्वळ गफलतीचे. ‘द लिस्ट ऑफ बुक्स आर’ असे लिहिणाऱ्याचा डोळा जवळच्या अनेकवचनी शब्दावर जातो आणि खरा कर्ता विसरतो. ही गफलत तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याही हातून होते. १९९१ साली कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर या संशोधिकांनी इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांकडून वाक्ये पूर्ण करून घेतली, तेव्हा नेमका हाच दोष त्यांना प्रयोगात आढळला. तेव्हा या तिसऱ्या घराण्यासाठी नियम घोकून उपयोग नाही. क्रियापदाजवळ थांबून ‘कोण?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागते. चौथे घराणे संकेतांचे. ‘ईच अदर’ दोघांसाठी आणि ‘वन अनदर’ अनेकांसाठी, असा भेद परीक्षेत विचारला जातो. चांगले इंग्रजी लेखक तो पाळतातच असे नाही. असे नियम परीक्षेपुरते लक्षात ठेवावेत आणि त्यांना भाषेचे सत्य समजू नये.

याच संदर्भात चुकीच्या उत्तराला वजा होणाऱ्या गुणांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण या भीतीने अनेक मुले येत असलेले प्रश्नही सोडून देतात. कमिशनच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण मिळतात व चुकीला ०.५० वजा होतो. पर्याय चार असतात. अगदी डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने एक चतुर्थांश वेळा २ मिळतील आणि तीन चतुर्थांश वेळा अर्धा जाईल. ०.५० वजा ०.३७५, म्हणजे दर प्रश्नामागे ०.१२५ लाभच. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर हा लाभ सुमारे ०.३३ होतो. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय, १ गुण आणि पाव गुणाची वजावट असते. तेथे आंधळ्या अंदाजाचा हिशेब बरोबर शून्य येतो, पण एक पर्याय बाद झाला की तोही लाभात जातो. याचा अर्थ जुगार खेळावा असा नाही. सरासरी ही अनेक प्रश्नांची असते, एका प्रश्नाची नव्हे. अर्थ इतकाच की, ज्याने आपल्या चुकांचे घराणे ओळखले आहे त्याला एक-दोन पर्याय बाद करता येतात आणि अर्धवट ज्ञानालाही मोल येते. हे गणित पैसे भरून शिकवणी लावणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. गाळ्यात दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाला ते कोणी सांगत नाही.

येथे प्रश्नाच्या दुसऱ्या आणि अधिक गंभीर बाजूकडे वळले पाहिजे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली श्रमबाजारातील संकेतांचा सिद्धांत मांडला. त्यास २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचे सार असे. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो एखादी खूण पाहतो, उदाहरणार्थ पदवी किंवा परीक्षेतील गुण. ही खूण विश्वासार्ह ठरण्यासाठी एक अट आहे. ती मिळवणे कुवत असलेल्याला स्वस्त आणि नसलेल्याला महाग पडले पाहिजे. आता इंग्रजी व्याकरणाची खूण या कसोटीला लावून पाहावी. ती कोणाला स्वस्त पडते? ज्याच्या घरात इंग्रजी आहे, ज्याच्या आईबापांनी बालवर्गापासून इंग्रजी शाळेचे शुल्क भरले आहे, त्याला. ती कोणाला महाग पडते? ज्याने महापालिकेच्या अथवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिक्षण घेतले, त्याला. दोघांची बुद्धी सारखी असली तरी किंमत वेगळी. म्हणजे ही खूण कुवत दाखवत नाही. ती उमेदवाराच्या बापाचे उत्पन्न दाखवते. अर्थशास्त्राच्याच भाषेत बोलायचे तर ज्या कामासाठी ही चाळणी लावली ते काम ती करीत नाही.

इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १८३५ साली मेकॉलेची टिपणी आली. १८४४ साली गव्हर्नर-जनरल हार्डिंग यांच्या ठरावाने सरकारी नोकरीत नव्या शाळांतून शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचे ठरले आणि व्यवहारात त्याचा अर्थ इंग्रजी जाणणाऱ्यांना अग्रक्रम असाच झाला. १८८२ साली हंटर कमिशनपुढील निवेदनात महात्मा फुल्यांनी दाखवून दिले की, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. स्वातंत्र्यानंतर चित्र काही अंशी बदलले. कोठारी समितीच्या शिफारशीनुसार १९७९ पासून केंद्रीय मुलकी सेवेच्या परीक्षेत भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. तेथे इंग्रजीचा पेपर आहे, पण तो केवळ पात्रतेपुरता. त्याचे गुण गुणवत्तायादीत धरले जात नाहीत. २०१३ साली ते धरण्याचा घाट घातला गेला, तेव्हा संसदेत आणि संसदेबाहेर विरोध झाला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०१४ साली पूर्वपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांच्या प्रश्नांवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा ते गुणही मोजणीतून वगळण्यात आले.

आता विसंगती पाहावी. जो जिल्ह्याचा कारभार पाहणार, मंत्रालयाचा सचिव होणार, त्याला इंग्रजीत केवळ पात्र ठरणे पुरते. परंतु जो आयकर कार्यालयात निरीक्षक किंवा एखाद्या खात्यात सहायक होणार, त्याची गुणवत्ता मात्र १३५ गुणांच्या इंग्रजीवर ठरते. वरच्या खुर्चीसाठी जे वजन अन्याय्य ठरले, ते खालच्या खुर्चीसाठी न्याय्य कसे? याचे उत्तर एवढेच की, वरच्या परीक्षेच्या विद्यार्थ्यांजवळ आवाज होता. खालच्या परीक्षेचा विद्यार्थी एकेकटा अपयशी होतो आणि ते अपयश आपल्याच मूर्खपणाच्या खात्यावर मांडून गप्प राहतो.

काही पावले पडली आहेत हे नाकारण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अर्थमंत्रालयाने १२ सार्वजनिक बँकांच्या कारकून भरतीच्या दोन्ही परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचे ठरवले. कमिशननेही २०२३ पासून आपल्या खालच्या पातळीवरील भरतीत प्रादेशिक भाषांना स्थान दिले. परंतु त्यामुळे गणिताचा प्रश्न मराठीत आला, इंग्रजीचा विभाग मात्र जागच्या जागीच राहिला.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. एक बाजू म्हणेल, इंग्रजी मुळातूनच हटवा. डॉ. राममनोहर लोहियांनी ही भूमिका आग्रहाने मांडली. तिचा रोख भाषेवर नव्हता, त्या भाषेने सार्वजनिक जीवनात मिळवलेल्या सत्तेवर होता, हे विसरता कामा नये. पण ज्या मुलीची परीक्षा पुढील महिन्यात आहे तिला आंदोलनाच्या विजयापर्यंत थांबा असे सांगणे, हा पोटभरल्यांचा उपदेश होईल. वंचित समाजातील अनेक विचारवंतांनी इंग्रजीकडे मुक्तीचे साधन म्हणून पाहिले, त्यामागचा अनुभवही खरा आहे. दुसरी बाजू म्हणेल, इंग्रजी हे एक कौशल्य आहे, शिका आणि पुढे जा, रडगाणे कशाला? हा सल्ला देणाऱ्याने आपल्याला ते कौशल्य कितीला पडले याचा हिशेब एकदा मांडावा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एवढी वर्षे हा विषय शिकूनही मुलगा ‘सिन्स टू इयर्स’ला अडखळत असेल, तर दोष त्या मुलाचा नाही. त्याला ज्या पद्धतीने शिकवले गेले तिचा आहे.

आणखी एक शंका प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजे. इंग्रजीचे गुण पात्रतेपुरते केले तर स्पर्धा गणितावर जाईल आणि तेथेही शिकवणीवाल्यांचेच राज्य असेल. हे काही अंशी खरे आहे. पण गणित सर्व शाळांतून आपापल्या भाषेत शिकवले जाते. त्याची उत्तरे घरच्या बोलीवर अवलंबून नसतात. विषमता नाहीशी होणार नाही, ती कमी होईल. आणि कार्यालयात आलेले परिपत्रक वाचता यावे, साधे पत्र लिहिता यावे, एवढे इंग्रजी येते की नाही हे पाहण्यास पात्रतेची कसोटी पुरेशी आहे. तेव्हा मागणी स्पष्ट असावी. कारकुनी आणि सहायक पदांच्या परीक्षांत इंग्रजी पात्रतेपुरते ठेवावे. ज्या परीक्षांचे उर्वरित प्रश्न आजही केवळ हिंदी-इंग्रजीत येतात, तेथे ते मराठीसह सर्व भारतीय भाषांत द्यावेत. आणि इंग्रजीच्या प्रश्नांत सापळे लावण्याऐवजी कामापुरते आकलन तपासावे.

ही मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. नगरातील अभ्यासिकांतून, ग्रंथालयांतून, रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या वर्गांतून संध्याकाळी गट चालवता येतील. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी, आधी परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले यांनी आठवड्याचे दोन तास दिले तरी पुरे. चुकांच्या वह्या एकमेकांना दाखवाव्यात. एकट्याने पाहिलेली चूक लाज आणते. दहाजणांनी मिळून पाहिलेली चूक नियम शिकवते.

अशा गटात एक गोष्ट लवकरच लक्षात येईल. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडच्या रस्त्यावर भाषेच्या प्रश्नावरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी भाषकांचा असे दोन मोर्चे निघाले. मराठीला तिच्या राज्यात मान मिळावा, ही मागणी रास्तच आहे. पण त्याच रस्त्याकडेच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. ‘दोन वर्षांपासून’ म्हणणारी मराठी मुलगी, ‘दो साल से’ म्हणणारा उत्तर प्रदेशातील कामगाराचा मुलगा आणि ‘बे वरसथी’ म्हणणारा गुजराती दुकानदाराच्या नोकराचा मुलगा, तिघेही तेच चुकीचे वाक्य लिहितात, तेच गुण गमावतात. त्यांच्या भाषांनी त्यांना सारखे घडवले आणि परीक्षेने त्यांना सारखेच नापास केले. त्यांचे भांडण एकमेकांशी लावून देणे सोपे आहे. त्यांना एका बाकावर बसवणे कठीण आहे, पण हिताचे तेच आहे.

इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याच्या जागी दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे समोरच्याला सामावून. गुजरातीतही हा भेद आहे. जगातील एका प्रबळ भाषेला जो भेद व्याकरणात करता आला नाही, तो महापालिकेच्या शाळेतील पाच वर्षांचे पोर न चुकता करते. ज्या मुलांच्या तोंडी एवढे सूक्ष्म व्याकरण खेळते त्यांना व्याकरण येत नाही, असे कोणत्याही प्रश्नपत्रिकेने त्यांना पटवून देऊ नये. नोकऱ्यांची दारे आजवर ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांनी राखली. ती ‘आपण’ म्हणत उघडायची आहेत. त्यासाठी लागणारी पहिली वही अजून कोरी आहे. ती आज रात्रीच सुरू करता येईल.